चालकाचा पाय आणि इंधनाचा खर्च

भारतातील कोणत्याही मोठ्या घाऊक बाजाराच्या दाराशी पहाटे उभे राहिले असता एक दृश्य हटकून दिसते. दिल्लीचे आझादपूर असो, चेन्नईचे कोयंबेडू असो की नवी मुंबईतील वाशीचा बाजार असो; भाजीच्या गोण्या व फळांच्या पेट्या घेऊन आलेल्या लहान मालवाहू गाड्यांची तेथे रांग लागलेली असते. या गाड्यांना सर्वत्र ‘पिकअप’ हेच नाव पडले आहे. २००५ साली बाजारात आलेल्या टाटा एस या त्याहूनही लहान गाडीला तर लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे कौतुकाचे नाव दिले. शेतकऱ्याच्या बांधापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून दुकानापर्यंत माल पोचविण्याचे काम आज मुख्यतः याच गाड्या करतात.

रांगेतील दोन गाड्या एकाच बनावटीच्या, एकाच वर्षीच्या, एकाच गावाहून तेवढाच माल घेऊन निघालेल्या असाव्यात, आणि तरीही एकीने दुसरीपेक्षा पंधरा-वीस टक्के अधिक डिझेल जाळलेले असावे, ही गोष्ट मुळीच असंभवनीय नाही. गाडीच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. त्याचे कारण विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : “ड्रायव्हरचा पाय जड आहे.” हे उत्तर खरे आहे, परंतु ते अर्धेच खरे आहे. पाय जड का पडतो, तो हलका पडावा यासाठी काय करावयास हवे, आणि ते करण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. त्यांचा विचार करण्यापूर्वी डिझेलचा एक लिटर प्रत्यक्षात कोठे खर्च होतो, हे पाहणे आवश्यक आहे.

लिटरचा हिशेब

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा साठविलेली असते. ही सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोचत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, तेव्हा इंधनातील ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्के ऊर्जेचे त्याने उपयुक्त कार्यात रूपांतर केले होते, आणि त्या काळी हा मोठाच पराक्रम ठरला. त्यानंतर सव्वाशे वर्षांत इंजिनात पुष्कळ सुधारणा झाल्या. तरीही रस्त्यावर धावणाऱ्या लहान मालवाहू गाडीच्या बाबतीत उपयुक्त हिस्सा तीस टक्क्यांच्या आसपास धरणे व्यवहाराला धरून होईल. बाकीची ऊर्जा धुराड्यातून व रेडिएटरमधून उष्णतेच्या रूपाने निघून जाते. म्हणजे एका लिटरमागे सुमारे ११ मेगाज्यूल एवढेच भांडवल चालकाच्या हाती उरते. ते कसे खर्च करावयाचे, हे पुष्कळ अंशी त्याच्या पायावर अवलंबून असते.

हे भांडवल चार ठिकाणी खर्ची पडते. पहिले, चाके रस्त्यावरून फिरताना टायर दबतो व सुटतो, त्यातील घर्षणाला. दुसरे, समोरची हवा बाजूला सारण्याला. तिसरे, चढ चढण्याला. आणि चौथे, थांबलेल्या गाडीला पुन्हा वेग देण्याला. यांपैकी चढाचा खर्च कोणालाही चुकत नाही. मालासह तीन टन वजनाची गाडी खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्यास गेली, तर सुमारे ५०० मीटर उंची गाठण्यासाठी तिला जवळजवळ दीड लिटर डिझेल जास्त लागणारच. चालक कितीही कुशल असला तरी निसर्ग ही पट्टी माफ करीत नाही. उरलेल्या तीन खर्चांवर मात्र सवयीचा परिणाम होतो, आणि सर्वात मोठा परिणाम होतो तो चौथ्या खर्चावर.

ब्रेकमध्ये जळणारे डिझेल

डिझेल इंजिनात जळते, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. ते ब्रेकमध्येही जळते, असे म्हटल्यास पुष्कळांना नवल वाटेल. परंतु हिशेब सरळ आहे. तीन टनांची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिच्या अंगी सुमारे ४१७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा मिळविण्यासाठी इंजिनाने जवळजवळ ४० मिलिलिटर डिझेल जाळलेले असते. चालकाने करकचून ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्यांत व ड्रममध्ये उष्णता होऊन वाऱ्यावर जाते. गाडी पुन्हा ६० च्या वेगाला आणावयाची तर पुन्हा ४० मिलिलिटर मोजावे लागतात. अशी पंचवीस वेळा उठाठेव केली की एक पूर्ण लिटर संपतो, आणि त्यात गाडी इंचभरही अधिक पुढे गेलेली नसते.

शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरवरून थांबण्याची किंमत सुमारे १७ मिलिलिटर. ६० वरून थांबण्याची ४०. आणि ८० वरून थांबण्याची जवळजवळ ७०. वेग दुप्पट झाला की थांबण्याचा खर्च चौपट होतो. शहरातील रस्त्यावर दोन सिग्नलांमधले चारशे मीटर अंतर जो चालक सुसाट तोडतो आणि पुढच्या तांबड्या दिव्यापाशी ब्रेकवर उभा राहतो, तो इतरांच्या आधी पोचत नाही. केवळ अधिक खर्च करून त्याच दिव्यापाशी वाट पाहतो.

उलटपक्षी, जाणता चालक काय करतो हे पाहण्यासारखे आहे. त्याची दृष्टी समोरच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर खिळलेली नसते. ती चार गाड्या पुढे असते. दूरवर सिग्नल तांबडा झालेला दिसला, गुरे रस्ता ओलांडताना दिसली, टोलनाक्याची रांग दिसली, की तो अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय लगेच काढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या त्या गाडीच्या अंगी असलेल्या ऊर्जेवर ती सपाट रस्त्यावर अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर सहज जाऊ शकते. ही ऊर्जा विकत घेतलेली आहे. तिचे पैसे पंपावर मोजलेले आहेत. तिच्यावर गाडी चालू देणे हा शहाणपणा, आणि ती ब्रेकवर घासून टाकणे हा अपव्यय होय. अनेकदा असे होते की संथपणे आलेली गाडी दिव्याजवळ पोचेपर्यंत दिवा हिरवा होतो आणि तिला थांबावेच लागत नाही.

हवेची पट्टी

शहराबाहेर मोकळ्या रस्त्यावर थांबणे कमी असते. तेथे हवा आपला कर वसूल करते. हवेचा विरोधही वेगाच्या वर्गाने वाढतो. पिकअप गाडीचा बांधा, त्यावर रचलेला माल आणि वर ताणलेली ताडपत्री ध्यानात घेऊन स्थूल हिशेब केला, तर तीन टनांच्या गाडीला ताशी ६० किलोमीटर वेगाने शंभर किलोमीटर जाण्यास सुमारे ६ लिटर, आणि ताशी ८० किलोमीटर वेगाने तेवढेच अंतर जाण्यास सुमारे ८ लिटर डिझेल लागावे. हे आकडे गणिताने काढलेले आहेत. प्रत्यक्षात गाडीगणिक व रस्त्यागणिक ते थोडे बदलतील. परंतु त्यांचा रोख बदलणार नाही. वेग एक-तृतीयांशाने वाढविला की इंधनही जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढते.

यावर ‘वेळ वाचतो त्याचे काय?’ असा प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे. शंभर किलोमीटरला ६० च्या वेगाने १०० मिनिटे लागतात व ८० च्या वेगाने ७५. पंचवीस मिनिटांसाठी दोन लिटर, म्हणजे लिटरला ९० रुपये धरले तर १८० रुपये. ज्याच्या हौद्यात नाशवंत माल आहे त्याला हा सौदा कधी परवडेलही. परंतु ही पंचवीस मिनिटे फक्त कागदावरची आहेत. वाटेत गावे लागतात, गतिरोधक लागतात, नाके लागतात, वळणे लागतात. वेगाने गाठलेले अंतर अशा प्रत्येक ठिकाणी निम्मेशिम्मे गमवावे लागते. खर्च मात्र पुरा होतो. रोजच्या वाटेवर घड्याळ लावून दोन्ही प्रकारे गाडी हाकून पाहिली तर खरा लाभ किती मिनिटांचा, हे ज्याचे त्याला कळेल. मालवाहू वाहनांसाठी महामार्गावर ताशी ८० किलोमीटर ही कमाल मर्यादा २०१८ मध्ये ठरविण्यात आली. मर्यादा म्हणजे ओलांडू नये अशी रेषा. ती गाठलीच पाहिजे असे तिच्यात कोठेही अभिप्रेत नाही.

हवेच्या बाबतीत लहानसहान गोष्टीही मोजाव्या लागतात. सैल ताडपत्री फडफडत राहिली तर ती पाठीमागे बांधलेल्या छत्रीप्रमाणे गाडीला मागे ओढते. टपाच्या वर माल रचण्यापेक्षा तोच माल टपाच्या आडोशाला बसविला तर हवेला कमी तोंड द्यावे लागते. रिकाम्या गाडीचा मागचा फाळका खाली सोडला की हवा आरपार निघून जाते व इंधन वाचते, अशी एक समजूत आहे. अमेरिकेत, जेथे पिकअप गाडी घरोघरी वापरली जाते, तेथेही ती फार दिवस प्रचलित होती. परंतु फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा स्थिरावतो आणि वरचा प्रवाह त्याच्यावरून सरकून जातो. फाळका उघडला की हा भोवरा मोडतो. म्हणून फाळका लावलेला असणेच बहुधा हितकर असते.

इंजिनाची स्वतःची भूक

वेग कमी केल्याने इंधन वाचते हे खरे असले तरी त्याचा अर्थ गाडी रखडत न्यावी असा नाही. इंजिनाला स्वतःचे घर्षण असते, पाण्याचा व तेलाचा पंप असतो, विजेचे यंत्र असते. हा खर्च गाडी चालो वा न चालो, इंजिन फिरते तोवर चालूच राहतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गरगर फिरवीत हळू जाणारी गाडी अंतर थोडे कापते आणि ही भूक मात्र पुरी भागविते. पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ ही संस्था भारत सरकारच्या पुढाकाराने १९७८ मध्ये स्थापन झाली. तिने चालकांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा वेग वर्षानुवर्षे सुचविला आहे, तो याच कारणाने. या पट्ट्यात हवेचा कर अजून जड झालेला नसतो आणि इंजिनाची स्वतःची भूक पुष्कळ अंतरावर वाटली जाते.

गिअर बदलण्याची रीतही यातूनच निघते. गाडी वेग घेऊ लागली की वरचा गिअर लवकर टाकावा. मात्र इंजिन धापा टाकील, हादरे देईल इतक्या लवकर नव्हे. चढावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून गाडी रेटण्यापेक्षा वेळीच एक गिअर खाली घेणे बरे. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकण्याची खोड तर दुहेरी नुकसानीची. क्लच अर्धवट सुटलेला राहतो, त्याची तबकडी घासते, आणि इंजिनाची शक्ती चाकाऐवजी त्या घासण्यात जाते. डिझेलचा खर्च त्या दिवशी होतो. क्लचचा खर्च सहा महिन्यांनी समोर येतो.

गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवण्याची सवय अशीच. अडीच लिटरच्या आसपास क्षमतेचे डिझेल इंजिन नुसते उभे फिरत राहिले तरी तासाला अर्ध्या लिटरहून अधिक इंधन घेते. बाजाराच्या दाराशी दोन तास रांगेत इंजिन सुरू राहिले तर एक लिटर तरी गेलाच. ‘पुन्हा सुरू करताना जास्त डिझेल लागते’ ही समजूत जुन्या गाड्यांच्या काळातली आहे. नव्या इंजिनाला सुरू होताना लागणारे इंधन थोडक्या सेकंदांच्या फिरण्याइतकेच असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या मानकाच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. दीर्घ काळ उभ्या उभ्या इंजिन फिरविल्याने ती लवकर तुंबते, हेही लक्षात ठेवावयास हवे. सकाळी दहा दहा मिनिटे इंजिन तापवीत बसण्याचीही गरज उरलेली नाही. बेताबेताने चालविल्यास इंजिन वाटेतच अधिक लवकर तापते.

घातुक काटकसर

इंधन वाचविण्याच्या नावाखाली एक प्रघात घाटरस्त्यांवर रूढ आहे, आणि त्याचा स्पष्ट शब्दांत निषेध केला पाहिजे. उतार लागला की चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. काही जण तर इंजिनच बंद करतात. कसाऱ्याचा घाट असो, सिलिगुडीहून दार्जिलिंगचा रस्ता असो की निलगिरीतील वळणे असोत, हा प्रकार सगळीकडे आढळतो. यात काटकसर आहे ही समजूत आजच्या इंजिनांच्या बाबतीत चुकीचीच आहे. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर इंधन सोडणारी यंत्रणा इंधन संपूर्णपणे बंद करते. चाकेच इंजिनाला फिरवीत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरावे लागते व त्यासाठी इंधन जळते. म्हणजे बचत करावयास गेलेला चालक प्रत्यक्षात थोडे अधिकच जाळतो.

आणि हे झाले फक्त पैशाचे. इंजिन गिअरमध्ये असताना ते गाडीला रोखून धरते. तो आधार काढून घेतला की तीन टनांचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्य दोन-चार वेळा पाय दाबल्यावर संपते, आणि स्टिअरिंगही जड होते. जी काटकसर जिवावर बेतते तिला काटकसर म्हणता येत नाही. पंपावर वाचलेल्या घोटभर डिझेलसाठी दरीच्या काठावर पैज लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. गाडीच्या मालकाला तर नाहीच, कारण पैज त्याची असली तरी जीव चालकाचा असतो.

टायर आणि भार

सवय म्हणजे केवळ पायाची सवय नव्हे. निघण्यापूर्वी काय पाहिले जाते, हीदेखील सवयच आहे. वर सांगितलेल्या हिशेबात ताशी ६० किलोमीटर वेगाला निम्म्याहून अधिक खर्च टायरच्या घर्षणाचा आहे. टायरमधील हवेचा दाब पाचव्या हिश्श्याने कमी असला तर हे घर्षण साधारण दहा टक्क्यांनी वाढते, आणि एकूण इंधन पाच टक्क्यांच्या आसपास अधिक लागते. वीस लिटरांना एक लिटर असा हा दंड आहे, आणि तो टाळण्यासाठी पंपावरच्या हवेच्या नळीपाशी पाच मिनिटे थांबणे एवढेच करावे लागते. मात्र दाब टायर थंड असतानाच मोजावा, आणि रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी गाडीच्या कंपनीने सांगितलेला दाब वेगवेगळा असू शकतो हे विसरू नये.

भाराच्या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. पूर्ण भरलेली गाडी अर्ध्या भरलेल्या गाडीपेक्षा खेपेला अधिक डिझेल खाते. परंतु टनामागे हिशेब केला तर कमी खाते. त्यामुळे गाडी भरून नेणे व परतीची खेप रिकामी न आणणे, यात जी बचत आहे ती कोणत्याही पायाच्या कौशल्याहून मोठी आहे. परंतु याच तर्काने ठरलेल्या मर्यादेहून अधिक माल लादणे मात्र समर्थनीय ठरत नाही. तेथे टायर फुटतात, पाटे मोडतात, ब्रेक अपुरे पडतात. इंधनात वाचलेले मग दुसऱ्या वहीत खर्ची पडते.

दोष कोणाचा?

येथवरचे विवेचन वाचून मालकवर्ग ‘म्हणजे ड्रायव्हरला शिकवले की झाले’ असा निष्कर्ष काढील. हा निष्कर्ष अपुरा आहे, आणि अन्यायाचाही आहे.

चालक वेगाने का जातो, याचा विचार केला पाहिजे. पहाटेच्या लिलावाला माल पोचला नाही तर भाव पडतो आणि बोलणी चालकाला खावी लागतात. माल भरावयास तीन तास उशीर झाला तरी पोचण्याची वेळ तीच राहते. गेलेले तीन तास रस्त्यावर भरून काढण्याची अपेक्षा असते. खेपेवर मजुरी मिळणाऱ्या चालकाला दिवसातून एक खेप अधिक झाली तर घरी चार पैसे अधिक जातात. डिझेल मात्र मालकाचे असते. अशा स्थितीत चालकाने अ‍ॅक्सिलरेटर जपून दाबावा असे म्हणणे म्हणजे एकाने श्रम घ्यावेत आणि दुसऱ्याने फळ खावे, असे म्हणणे होय. रात्रभर न झोपलेल्या माणसाकडून चार गाड्या पुढे पाहण्याची अपेक्षाही व्यर्थ आहे. दूरदृष्टी ही ताज्या डोळ्यांची गोष्ट आहे.

परदेशातील एक अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ च्या आरंभी देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही कमाल वेगमर्यादा लागू केली. हेतू इंधनाच्या बचतीचा होता. बचत झाली, परंतु अपेक्षेहून कमी. कारण लांब पल्ल्याच्या मोकळ्या रस्त्यांवर असंख्य चालकांनी ती मर्यादा मनातून कधीच स्वीकारली नाही. १९८७ मध्ये ती काही रस्त्यांवर सैल करण्यात आली आणि १९९५ मध्ये रद्द झाली. कायद्याने रस्त्याच्या कडेला पाटी लावता येते. चालकाच्या पायाला पटवून द्यावयाचे तर त्याचे हित त्यात गुंतले पाहिजे.

म्हणून पहिली गोष्ट ही की बचतीत चालकाचा वाटा असावा. दिवसाला १०० किलोमीटर याप्रमाणे महिन्यात २,५०० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १२ किलोमीटर जात असेल तर तिला सुमारे २०८ लिटर लागतात. यात केवळ दहा टक्के बचत झाली तरी महिन्याला २१ लिटर वाचतात. वर धरलेल्या दराने ही रक्कम जवळजवळ १,९०० रुपये होते. यातील निम्मी चालकाला रोख मिळाली तर त्याला उपदेशाची गरज राहणार नाही. मालकाचाही तोटा काही होत नाही. निम्मी रक्कम, कमी झिजलेले ब्रेक, अधिक टिकलेले टायर आणि न झालेला अपघात त्याच्याच पदरात पडतात.

दुसरी गोष्ट मापनाची. बक्षीस द्यावयाचे तर माप न्याय्य हवे. अन्यथा बक्षिसाचे रूपांतर दंडात होण्यास वेळ लागत नाही. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा टिपावा, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर गेले ते लिहावे, आणि त्याशेजारी वाट कोणती, भार किती, रांगेत किती वेळ गेला, हेही लिहावे. एका खेपेवरून निवाडा करू नये. महिन्याची सरासरी पाहावी. घाटावरची गाडी सपाटीवरच्या गाडीशी ताडून पाहू नये. तिच्याच मागच्या महिन्याशी ताडावी. आणि गाडीचे टायर, गाळण्या व इंजिन सुस्थितीत ठेवण्याचे आपले कर्तव्य ज्या मालकाने केलेले नाही, त्याला चालकाच्या पायाला दोष देण्याचा अधिकार नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. माल भरण्यास झालेला उशीर रस्त्यावर भरून काढावा लागणार नाही, असे वेळापत्रक आखणे हे मालकाचे, अडत्याचे व बाजार समितीचे काम आहे. रांग लावण्याऐवजी गाड्यांना आळीपाळीने आत घेण्याची वेळ ठरवून दिली, तर दाराशी जळणारे डिझेल एका दिवसात थांबेल. त्यासाठी एकाही चालकाची सवय बदलावी लागणार नाही.

चौथी गोष्ट शिक्षणाची. वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी उमेदवाराने नियम जाणावे व गाडी सुरक्षितपणे हाकावी, एवढे पाहिले जाते. ते आवश्यकच आहे. परंतु जो माणूस आयुष्यभर चालकाचा व्यवसाय करणार, त्याला ब्रेकमध्ये डिझेल कसे जळते आणि गिअरमधल्या उतारावर इंधन कसे बंद होते, हे दोन तासांत समजावून सांगता येते. ते त्याच्या भाषेत, त्याच्याच गाडीच्या उदाहरणाने सांगितले पाहिजे. चालक हा अडाणी आहे असे मानून त्याला केवळ आज्ञा देणे, आणि कारण समजले की तो स्वतः मार्ग काढील असा विश्वास ठेवणे, या दोहोंतील दुसरी रीतच विज्ञानाची आहे.

थोडक्याचे मोल

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून आणावे लागते. जळणाऱ्या प्रत्येक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. नैसर्गिक वायूवर व विजेवर चालणाऱ्या लहान मालवाहू गाड्या आता रस्त्यावर येऊ लागल्या आहेत, तेव्हा हा प्रश्न आपोआप मिटेल असे कोणी म्हणेल. परंतु हवेचा विरोध, टायरचे घर्षण आणि भाराची गतिज ऊर्जा यांना टाकीत काय भरले आहे याची पर्वा नसते. विजेच्या गाडीत थांबताना काही ऊर्जा परत मिळविता येते हे खरे. तरी सगळी मिळत नाही, आणि जड पायाच्या चालकाची गाडी तेथेही ठरल्या अंतराच्या आधीच थकते. सवय चांगली असेल तर ती कोणत्याही गाडीत उपयोगी पडेल.

आजवर रस्त्यावरच्या लोकांत चांगल्या चालकाची कसोटी एकच मानली गेली : किती तासांत गाडी काढली. ही कसोटी बदलण्याची वेळ आली आहे. ज्याच्या गाडीतील टोमॅटो न चिरडता पोचतात, ज्याचे ब्रेक घाटात थंड राहतात, ज्याची टाकी इतरांहून उशिरा रिकामी होते आणि जो स्वतः धडधाकट घरी पोचतो, तो चांगला चालक होय. ही कसोटी चालकाने मानावी असे ज्यांना वाटते, त्यांनी पहिल्याने आपल्या हिशेबाच्या वहीत त्याच्या वाट्याचा रकाना आखावा.